स्क्रीनवरचा दिवा कुठे धरायचा? झिजलेला मजकूर वाचण्यासाठी आभासी प्रकाशाची जुळणी

एखाद्या सपाट दगडावर ५ अंशांचा बारीकसा उतार आहे आणि दिवा नेमका डोक्यावर आहे, असं धरा. तो उतार आणि शेजारचा सपाट भाग यांच्या उजेडात अर्ध्या टक्क्याचाही फरक पडत नाही, त्यामुळे डोळ्याला काहीच कळत नाही. आता तोच दिवा खाली आणून पृष्ठभागापासून १५ अंशांवर धरा. दिव्याकडे कललेला उतार सपाट भागापेक्षा सुमारे ३२ टक्के जास्त उजळतो आणि दिव्याकडे पाठ असलेला उतार सुमारे ३३ टक्के काळवंडतो. वस्तू तीच, उतारही तोच. झिजलेला शिलालेख, गुळगुळीत झालेलं नाणं किंवा ताम्रपटावरची पुसट रेघ स्क्रीनवर वाचायची, तर सगळा खेळ या दोन कोनांमधल्या फरकाचा आहे.

बहुतेक जण मॉडेल उघडतात, दोनचारदा फिरवतात, 'काही दिसत नाही' म्हणून बंद करतात. फिरवलेली असते वस्तू. दिवा जागचा हललेलाच नसतो.

आधी हातात काय आहे ते ओळखा

स्क्रीनवर प्रकाश बदलता येतो अशा फायली मुख्यतः दोन जातीच्या असतात आणि दोन्हींचे नियम वेगळे आहेत.

पहिली जात म्हणजे त्रिमितीय मॉडेल. स्कॅनरने किंवा अनेक बाजूंनी काढलेल्या फोटोंवरून बनवलेली त्रिकोणांची जाळी. इथे प्रत्यक्ष आकार साठवलेला असतो, म्हणून दिवा कुठूनही टाकता येतो आणि वस्तूही हवी तशी फिरते. मेशलॅब, ब्लेंडर आणि ब्राउझरमध्ये चालणारं स्केचफॅब ही यासाठी नेहमी वापरली जाणारी साधनं.

दुसरी जात आरटीआय, म्हणजे रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग. (माहिती अधिकाराशी याचा संबंध नाही.) कॅमेरा जागचा न हलवता, दिवा दरवेळी वेगळ्या ठिकाणी धरून काही डझन फोटो काढतात. मग प्रत्येक पिक्सेलसाठी 'दिवा इथे असेल तर उजेड किती' याचं गणित बसवून ते फाइलमध्ये साठवतात. एचपीच्या प्रयोगशाळेतल्या टॉम मॅल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली मांडलेल्या पीटीएम (पॉलिनोमियल टेक्स्चर मॅपिंग) पद्धतीत हे गणित सहा पदांच्या बहुपदीचं असतं. नंतर आलेल्या एचएसएच (हेमिस्फेरिकल हार्मोनिक्स) पद्धतीत ४, ९ किंवा १६ पदं असतात. आरटीआयव्ह्यूअर या मोफत प्रोग्रॅममध्ये दोन्ही प्रकार उघडतात.

फरक लक्षात ठेवायचा तो असा: आरटीआयमध्ये वस्तू फिरत नाही, फक्त दिवा फिरतो. आणि ज्या कोनावरून फोटोच काढलेला नाही, त्या कोनाचं चित्र हे गणिताने लावलेला अंदाज असतो. फोटो काढताना दिवा साधारण १५ ते ६५ अंशांच्या पट्ट्यात ठेवतात. म्हणून प्रोग्रॅममध्ये दिवा हलवण्यासाठी जो गोळा असतो, तो वर्तुळाच्या अगदी काठाला नेल्यावर जे नाट्यमय चित्र दिसतं, त्यावर विसंबून एकही अक्षर वाचू नका.

दिव्याला हात लावण्यापूर्वी

स्क्रीनचा रात्रीचा पिवळा मोड बंद करा. आपोआप कमीजास्त होणारा ब्राइटनेसही बंद करा, नाहीतर दोन दिव्यांची तुलना करताना स्क्रीनच मध्ये बदलते. खिडकी पाठीमागे असेल तर पडदा ओढा. काळ्या भागातला फरक सगळ्यात आधी स्क्रीनवरच्या चमकेत बुडतो, आणि तिरप्या प्रकाशात कामाचं बरंचसं काळ्या भागातच असतं.

आरटीआयमध्ये मोठं करून पाहताना मूळ चित्राचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलइतका दिसेल, तिथपर्यंतच जा. त्यापुढे वाढवलं तर चित्र मोठं होतं, माहिती वाढत नाही. हिशेब सोपा आहे. ४०० मिलिमीटर रुंदीचा भाग ४००० पिक्सेलमध्ये बसला असेल, तर एक पिक्सेल ०.१ मिलिमीटरचा झाला. १ मिलिमीटर रुंदीच्या खाचेला १० पिक्सेल मिळाले, ते पुरे. ज्या रेघेला तीनचारच पिक्सेल मिळतात, तिचा आकार दिव्याने कितीही खेळवला तरी भरवशाचा निघत नाही. मॉडेलचंही तसंच आहे. त्रिकोणांच्या बाजू खाचेच्या रुंदीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतक्या तरी बारीक हव्यात. ब्राउझरवर चढवण्यासाठी जाळी हलकी केलेली असेल, तर बारीक रेघा तिथेच गेलेल्या असतात. अशा वेळी मूळ फाइल मागून घ्या.

मॉडेलच्या बाबतीत दुसरं काम म्हणजे रंग उतरवणं. फोटोंवरून बनवलेल्या मॉडेलवर जो रंगीत पोत चढवलेला असतो, त्यात फोटो काढतानाच्या खऱ्या सावल्या चिकटलेल्या असतात. तुम्ही दिवा डावीकडून टाकता आणि रंगातली जुनी सावली उजवीकडून आलेल्या उन्हाची असते. दोन्ही एकमेकांना मारतात. शिवाय शेवाळ, डाग, रंगाचे ओघळ हे सगळं अक्षरांच्या अंगावर बसलेलं असतं. मेशलॅबमध्ये पोत आणि शिरोबिंदूंचे रंग दोन्ही बंद करा. ब्लेंडरमध्ये सॉलिड मोडच्या शेडिंग यादीत कलर या गटाखाली एकच रंग देणारा पर्याय (आवृत्तीनुसार सिंगल किंवा कस्टम) निवडा आणि मध्यम करडा रंग द्या. पांढराशुभ्र नको, त्यात उजळ बाजू लगेच जळून सपाट होते.

रंग कायमचा टाकून मात्र देऊ नका. रंगाने लिहिलेली किंवा रंग भरलेली अक्षरं आकारात नसतातच. करड्या मॉडेलवर काही न दिसणं म्हणजे तिथे काहीच नाही, असा अर्थ होत नाही.

एकच दिवा, तोही कुठे बांधलेला आहे ते पाहून

तयार प्रकाशयोजना वस्तू देखणी दिसावी म्हणून केलेल्या असतात. समोरून एक दिवा, बाजूने दुसरा सावली उजळायला, वर सभोवतालचा पसरट उजेड. वाचायला बसलेल्या माणसासाठी यातलं दुसरं आणि तिसरं निव्वळ नुकसान आहे. एका बाजूने पडलेली सावली दुसऱ्या बाजूचा दिवा पुसून टाकतो. तेव्हा एक दिवा ठेवा, बाकीचे विझवा, सभोवतालचा उजेड शून्यावर किंवा अगदी थोडा ठेवा.

मग तो दिवा कॅमेऱ्याला बांधलेला आहे की वस्तूला, हे तपासा. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये सुरुवातीला दिवा कॅमेऱ्याला बांधलेला असतो, म्हणजे खाणकामगाराच्या टोपीवर असतो तसा. मॉडेल फिरवलं की प्रकाशही बदलतो आणि सावली कशामुळे हलली ते कळत नाही. खात्री करायला मॉडेल थोडं फिरवा: सावली वस्तूबरोबर फिरली तर दिवा वस्तूला किंवा जगाला बांधलेला आहे, सावलीची दिशा स्क्रीनच्या हिशेबाने जागीच राहिली तर तो कॅमेऱ्याला आहे.

प्रोग्रॅमनुसार हात असे चालवा:

मेशलॅबमध्ये कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरा आणि माऊस ओढा. दिव्याची दिशा दाखवणाऱ्या रेघा दिसतात आणि फक्त दिवा फिरतो.

स्केचफॅबमध्ये ऑल्ट दाबून डाव्या बटणाने ओढा. 'आय' ही कळ दाबली की मॉडेल इन्स्पेक्टर उघडतं. तिथून रंग काढून फक्त आकार पाहता येतो.

ब्लेंडरमध्ये सॉलिड मोड, मग शेडिंगच्या यादीत स्टुडिओ. पृथ्वीच्या गोलाचं छोटं चिन्ह दाबलं की दिवे जगाला बांधले जातात आणि फिरवण्याची पट्टी दिसते. स्टुडिओ प्रकाशात एकूण चार दिवे असतात. प्रेफरन्सेसमधल्या लाइट्स विभागात जाऊन तीन बंद करा, चौथा तिरपा करा, सभोवतालचा रंग काळा करा आणि ही जुळणी स्वतःचा स्टुडिओ प्रकाश म्हणून साठवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढे दरवेळी उपयोगी पडतं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. वरच्या तिन्ही ठिकाणी साध्या मोडमध्ये जे दिसतं ती खरी सावली नसते. प्रोग्रॅम प्रत्येक त्रिकोणाचं तोंड दिव्याकडे किती वळलेलं आहे एवढंच मोजतो आणि त्यानुसार उजळ-काळं करतो. मध्ये एखादा उंचवटा आडवा येतोय का, हे तो पाहत नाही. म्हणून या चित्रात उतार दिसतात, खोली दिसत नाही. खोल खाच आणि उथळ खाच यांच्या भिंतींचा कल सारखा असेल, तर त्यांची काळीपांढरी कडही सारखीच दिसते. खोली हवी असेल तर पडणारी सावली लागते. ब्लेंडरमध्ये त्यासाठी सन प्रकारचा दिवा टाकून ईव्ही रेंडर वापरा.

त्याची जुळणी अशी. वस्तू आडवी, तोंड वर, ओळींचा वरचा भाग वायच्या धन दिशेला. कॅमेरा नेमका वरून. सन दिव्याच्या रोटेशनमध्ये एक्स ७० ठेवा, म्हणजे प्रकाश पृष्ठभागापासून २० अंशांवरून येतो. वाय शून्य. झेड बदलला की दिशा बदलते: झेड शून्यावर प्रकाश खालच्या बाजूने येतो, ९० वर उजवीकडून, १८० वर वरून, २२५ वर वरच्या डाव्या कोपऱ्यातून. दिव्याचा अँगल शून्याजवळ ठेवा, सावलीची कड धारदार येते. वर्ल्डचा रंग काळा. एवढं झालं की पुढे फक्त झेडचा आकडा बदलत जायचा.

दिशा: घड्याळाने फिरवा

रेघ दिसण्यासाठी प्रकाश तिला आडवा यावा लागतो. रेघेच्या लांबीला समांतर आलेला प्रकाश खाचेच्या तळातून सरळ निघून जातो, दोन्ही भिंती सारख्याच उजळतात आणि रेघ नाहीशी होते. दिव्याच्या एकाच जागेवर वाचन उरकण्यात हाच धोका असतो. देवनागरी लेख घेतला तर हे लगेच कळतं. प्रकाश डावीकडून, म्हणजे घड्याळातल्या नऊच्या जागेवरून आला की काने आणि दंड ठळक उठतात, पण शिरोरेषा विरते. बाराच्या जागेवरून आला की शिरोरेषा उठते आणि काना पुसट होतो. सगळ्यात घातक तिरक्या रेघा. व आणि ब, प आणि ष यांच्यात फरक आहे तो पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. प्रकाश त्याच तिरक्या दिशेने आला तर ब चा व झालेला असतो आणि तुम्हाला शंकासुद्धा येत नाही, कारण बाकीचं अक्षर स्वच्छ दिसत असतं.

उपाय ठरलेला आहे. दिवा एकाच उंचीवर ठेवून आठ जागांवर थांबवा: बारा, दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात, नऊ, साडेदहा. या ४५ अंशांच्या टप्प्यांमुळे कुठलीही रेघ घेतली, तरी तिला जवळजवळ आडवा येणारा दिवा मिळतोच. अगदी वाईट स्थितीत तो आडव्या रेषेपासून २२.५ अंश चुकतो आणि उजेडातला फरक आठ टक्क्यांच्या आसपास घटतो, एवढंच. हिशेबाने चार जागाही पुरतील, कारण बारा आणि सहा एकाच रेघेला उठाव देतात. पण समोरासमोरच्या जोड्या दुसऱ्या कामासाठी लागतात, ते पुढे येईल.

प्रत्येक जागेवर थांबा. दिवा गरागरा फिरवत राहिलं तर हालचालीमुळे उठाव छान जाणवतो आणि 'इथे काहीतरी आहे' हे समजतं, पण नेमका आकार डोळ्यांत राहत नाही. आधी एकदा सावकाश पूर्ण फेरी, मग आठ थांबे.

उंची: किती तिरपा

आरटीआयव्ह्यूअरमध्ये दिव्याचा गोळा ओढता येतो आणि खाली एक्स-वायचे आकडे दिसतात. ते उणे १ ते १ या मापात असतात, केंद्र म्हणजे डोक्यावरचा दिवा. केंद्रापासूनचं अंतर कळलं की उंचीचा कोन कळतो. सोबत सावलीची लांबीही ध्यानात असू द्या, उठावाच्या उंचीच्या पटीत:

अंतर ०.५०: कोन ६० अंश, सावली ०.५८ पट
अंतर ०.७१: ४५ अंश, १ पट
अंतर ०.८७: ३० अंश, १.७ पट
अंतर ०.९४: २० अंश, २.७ पट
अंतर ०.९७: १५ अंश, ३.७ पट

अंतर काढायचं तर दोन्ही आकड्यांचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ घ्या. उदाहरणार्थ एक्स उणे ०.६, वाय ०.७ असेल तर अंतर ०.९२ आणि कोन सुमारे २३ अंश. दिवा साडेदहाच्या जरासा पुढे, वरच्या डाव्या बाजूला.

नाण्यावरचा झिजलेला छाप किंवा ताम्रपटावरची हलकी रेघ असेल तर १५ ते २५ अंश. मध्यम खोल खोदलेल्या लेखाला ३० ते ४०. खोल खोदकामाला ४५ ते ५०, आणि इथे लोक हमखास चुकतात. जितका तिरपा तितका चांगला, असा समज असतो. पण २ मिलिमीटर खोल आणि ४ मिलिमीटर रुंद खाचेत २० अंशांवरून प्रकाश टाकला तर सावली साडेपाच मिलिमीटरची होते. खाच काठोकाठ काळी भरते आणि तिच्या तळाला काय आहे ते दिसत नाही. आडवी रेघ दुसऱ्या रेघेला नुसती टेकते की तिला छेदून जाते, हे तळातच कळतं. उठावाच्या अक्षरांचं गाऱ्हाणं वेगळं: त्यांची सावली शेजारच्या अक्षरावर पडते आणि तिथे नसलेली रेघ उभी करते. अशा वेळी दिवा दहा अंशांनी वर घ्या. सावलीची कड सरकली तर ती सावलीच. जागची हलली नाही तर तिथे खरोखर काहीतरी कोरलेलं आहे.

खोलगट की उठाव?

आपला मेंदू प्रकाश वरून येतो असं धरून चालतो, त्यातही जरा डावीकडून. नकाशांमधल्या डोंगरांची छाया वायव्येकडून, म्हणजे ३१५ अंशांवरून आणि ४५ अंशांच्या उंचीवरून टाकायची प्रथा यातूनच टिकली आहे. उत्तर गोलार्धात मध्यान्हीचं ऊन बहुतेक ठिकाणी वायव्येकडून येतच नाही, तरीही. दिवा सहाच्या जागेवर नेला की कोरलेलं अक्षर अचानक फुगीर दिसू लागतं. डोळ्यांची ही फसगत नवी नाही, अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस याने १७८६ मध्ये तिच्यावर लिहून ठेवलं आहे.

यावर तीन गोष्टी करा. मुक्कामाची जागा साडेदहा ठेवा. बाकीच्या जागा पाहून झाल्या की दिवा तिथे परत आणा. खालच्या बाजूचे दिवे तपासताना चौकटीत एखादा ओळखीचा उठाव ठेवा: नाण्याची कड किंवा दगडाचा तुटलेला कोपरा. अक्षराची उजळ बाजू आणि त्या उठावाची उजळ बाजू एकाच अंगाला असेल तर अक्षरही उठावाचंच. विरुद्ध अंगाला असेल तर खोलगट. आणि समोरासमोरच्या जोड्या लावून पाहा. बारा आणि सहा या दोन्ही जागांवर खाचेची दिव्याजवळची भिंत काळी राहिली पाहिजे. एका जागेवर राहिली आणि दुसऱ्या जागेवर नाही, तर तो नुसता पायरीसारखा उतार आहे, दगडाचा उडालेला पापुद्रा वगैरे. रेघ नाही.

अनुस्वार आणि दगडातला खड्डा यांचा निवाडाही इथेच होतो, निदान बऱ्याच वेळा. त्याच लेखातले निर्विवाद अनुस्वार आधी शोधा आणि त्याच दिव्यात त्यांच्या काळ्या कडेचा आकार पाहा. छिन्नीने पाडलेल्या टिंबांची कड सहसा एकमेकींशी मिळतीजुळती असते. संशयित खड्डा आठपैकी पाचसहा जागांवर त्या घराण्यातला दिसला तर धरा. नाहीतर प्रश्नचिन्ह घालून पुढे जा.

मूळ लेखावर दाबून घेतलेल्या ठशाचं मॉडेल असेल तर सगळंच उलटं असतं: अक्षरं आरशातली आणि उठावाची. नुसतं आडवं उलटवलं तर अक्षरं सरळ होतात, पण उठाव राहतोच. खरं तर ठशाचा पृष्ठभाग आणि दगडाचा पृष्ठभाग एकच असतो, फक्त आपण तो पलीकडून पाहत असतो. म्हणून मेशलॅबमध्ये इन्व्हर्ट फेसेस ओरिएंटेशन हा फिल्टर चालवा आणि मॉडेल मागच्या बाजूने पाहा. अक्षरं सरळ आणि खोलगट, दोन्ही एकदम मिळतात.

मोड कधी आणि किती

साध्या दिव्यात आठ थांबे झाल्याशिवाय कुठल्याही खास मोडमध्ये जाऊ नका. एकदा भडक चित्र पाहिलं की साध्या चित्रातही तेच दिसायला लागतं.

आरटीआयव्ह्यूअरमध्ये सर्वांत कामाचा मोड स्पेक्युलर एन्हान्समेंट. तो मूळ रंग मागे सारतो आणि पृष्ठभाग पॉलिश केल्यासारखा चमकवतो. तीन पट्ट्या असतात. डिफ्यूज कलर जवळपास शून्यावर आणा, डाग आणि रंग जातात. स्पेक्युलॅरिटी मध्यावर. हायलाइट साइज हळूहळू हलवत चमक इतकी पसरवा की ती एका ओळीवर पुरेल, पण पांढरा ढग होणार नाही. या मोडमध्ये दिवा अगदी तिरपा लागत नाही. चमक मधल्या उंचीवर अधिक बोलते, म्हणून ०.५ ते ०.८ अंतरापर्यंत फिरवून पाहा. रंगाचे डाग आणि कोरलेली रेघ यांतला वाद हा मोड चटकन मिटवतो.

डिफ्यूज गेन उतारांचा फरक वाढवतो, रंग तसाच ठेवतो. पट्टी टोकाला नेली की दगडाचे कणही अक्षरांइतके मोठे दिसतात. तिसऱ्या हिश्शापुढे सहसा जाऊ नये. अनशार्प मास्किंगचे जे प्रकार आहेत, ते कडा धारदार करतात आणि त्याच हिशेबाने फोटोतला गोंगाटही धारदार करतात. कडेभोवती पांढरी किनार दिसली की तुम्ही जास्त ताणलं आहे. नॉर्मल्स, म्हणजे पृष्ठभागाचं तोंड कुठे वळलंय ते, दाखवणारा रंगीत मोड वाचायला नाही, तपासायला आहे: सपाट भाग एकसारखा निळसर दिसायला हवा. एका बाजूला तो हळूहळू दुसऱ्या रंगाकडे झुकत असेल, तर फोटो काढताना दिव्याचं अंतर सगळीकडे सारखं राहिलेलं नाही, किंवा वस्तूच बाक असलेली आहे.

यातले काही मोड फक्त पीटीएम फायलींनाच मिळतात. एचएसएच फाइल उघडल्यावर यादी आखूड दिसली तर प्रोग्रॅम बिघडला असं समजू नका. चकचकीत धातूसाठी एचएसएच बरी, कारण पीटीएमची बहुपदी चमक पसरट करून टाकते. धारदार सावलीच्या बाबतीत मात्र दोन्ही थोड्या मऊच असतात.

मॉडेलसाठी याच तोडीचं साधन म्हणजे मेशलॅबमधलं रेडियन्स स्केलिंग. ते उंचवटे उजळतं, खळगे काळवंडवतं, आणि दिव्याच्या दिशेवर फारसं अवलंबून राहत नाही. ब्लेंडरमध्ये कॅव्हिटी हा पर्याय तेच काम करतो. रिज आणि व्हॅली या पट्ट्यांपैकी खोदलेल्या लेखासाठी व्हॅली वाढवा, रिज कमी ठेवा. मॅटकॅपमध्ये दिवा म्हणजे एका गोलावर रंगवलेलं चित्र असतं. पटकन नजर टाकायला तो छान. पण कोन मोजून नोंदवायचा असेल तर निरुपयोगी.

हे बिघडतं, ते यामुळे

मॉडेलवर काही ठिकाणी ठिगळासारखे काळे तुकडे दिसतात आणि दिवा फिरवला तर तेवढेच तुकडे उलटे उजळतात: त्या त्रिकोणांची तोंडं आत वळलेली आहेत. ब्लेंडरमध्ये फेस ओरिएंटेशन हा ओव्हरले लावला की असे भाग लाल दिसतात. तोंडं सरळ करून घ्या. दुतर्फा प्रकाशाचा पर्याय चालू करून ठिगळं झाकता येतात, पण जाळीतला दोष तसाच राहतो.

सगळा पृष्ठभाग पैलू पाडल्यासारखा दिसतो: फ्लॅट शेडिंग चालू आहे, स्मूथ करा. स्मूथ केल्यावर अक्षरांच्या कडा वितळल्या, तर जाळीच जाड आहे. दिव्याचा त्यात दोष नाही.

दिवा फिरवला तरी सावल्या हलत नाहीत: एकतर पोत बंद करायचा राहिला, किंवा मॉडेल अनलिट, म्हणजे प्रकाशाला दादच न देणाऱ्या प्रकारात चढवलेलं आहे.

आरटीआयमध्ये दिवा एका ठरावीक बाजूला नेला की चित्र गढूळ होतं: त्या बाजूचे फोटो कमी आहेत किंवा तिथे कॅमेऱ्याचा स्टँड दिव्याच्या आड आला होता. फाइल बनवणाऱ्याकडे दिव्यांच्या जागांची यादी असते, ती मागा आणि ती बाजू वाचनातून वगळा. आणि सगळ्याच कडांना दुहेरी रेघ दिसली तर फोटो काढताना कॅमेरा किंवा वस्तू हलली आहे. यावर कुठलाही मोड चालत नाही, फोटो पुन्हा काढावे लागतात.

नोंद

चौकट न हलवता आठही दिशांची चित्रं साठवा. फाइलच्या नावातच दिशा आणि उंची घाला, उदाहरणार्थ 'ओळ३_साडेदहा_२०अंश'. आरटीआयव्ह्यूअरचं स्नॅपशॉट चित्रासोबत दिव्याची जागा आणि मोडच्या पट्ट्यांचे आकडे असलेली छोटी फाइलही ठेवतं. ती चित्रापासून वेगळी होऊ देऊ नका. प्रत्येक शंकास्पद अक्षरापुढे ते कोणत्या जागांवर दिसलं आणि कोणत्या जागांवर दिसलं नाही, दोन्ही लिहा. फक्त 'दिसलं' लिहिलेली नोंद पडताळणाऱ्याला अर्धीच उपयोगी पडते.

लेखात किंवा वेबवर चित्र छापताना साध्या दिव्यातलं, साडेदहाच्या जागेचं एक चित्र शेजारी अवश्य द्या आणि खास मोड वापरला असेल तर ओळीखाली त्याचं नाव लिहा. स्पेक्युलर एन्हान्समेंटमधलं काळं चमकदार चित्र एकटंच छापलं, तर वाचणाऱ्याला दगड खरोखर काळा वाटतो, आणि मूळ वस्तू समोर आल्यावर तीच ती आहे हे त्याला ओळखू येत नाही.